हणमंततात्या आणि माझं सरकणारं चाक

आमच्या शेजारचे हणमंततात्या कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी दाराची विचारपूस करतात. उंबऱ्यात उभं राहून दार दोनदा पुढंमागं करायचं, बिजागरीवर बोट ठेवायचं आणि मग आत बघून म्हणायचं, "वरचा स्क्रू ढिल्ला हाय." घरातला माणूस भिडेखातर म्हणतो, "हो, जरा ढिला झालाय खरा." त्यावर तात्यांचा ठरलेला प्रश्न येतो.

"जरा म्हंजे किती?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. आपण आयुष्यभर 'जरा' म्हणत आलेलो असतो आणि ते किती हे कुणी विचारलेलं नसतं. तात्या उत्तराची वाट बघत नाहीत. ते खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढतात आणि बिजागरी घट्ट करूनच आत येऊन बसतात. एकदा आमच्या गल्लीत एका घरी दुःखाचा प्रसंग होता. तात्या भेटायला गेले, दाराशी थांबले, आणि सगळे रडत असताना त्यांनी कडीचा खिळा बदलला. घरातल्या बाईंनी मला नंतर सांगितलं, की त्या आठवड्यात आलेल्या शंभर माणसांपैकी फक्त तात्यांच्या येण्याचा काही उपयोग झाला.

मी बारामतीत एका शाळेत भूगोल शिकवतो आणि जळोचीत राहतो. सहा वर्षांपूर्वी इथं सामान घेऊन आलो तेव्हा टेम्पोतून कपाट उतरवलं आणि भिंतीला लावलं. तेवढ्यात धोतर-टोपीतले, हाडकुळे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आत आले आणि कपाटाला एक हलका धक्का देऊन म्हणाले, "हालतंय."

"हो, जरा हलतं," मी म्हणालो. पुढं काय झालं ते सांगायला नको. त्यांनी जमिनीवर पालथं पडून कपाटाच्या पायाखाली बघितलं आणि "दीड सूत" असं जाहीर केलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तात्यांचं सगळं जग सुतात मोजलेलं आहे. घरी जाऊन ते ट्यूबचा एक तुकडा बरोबर कापून घेऊन आले आणि पायाखाली सरकवला. कपाट आजतागायत हललेलं नाही. माझं नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी नाव सोडून दिलं आणि 'मास्तर' धरलं.

तात्या एका साखर कारखान्यात फिटर होते. ऊस चिरडणारे ते अजस्र रोलर फिरतात ना, त्यांच्या शेजारी चौतीस वर्षं उभे होते. तिथल्या आवाजात माणसाच्या कानाचं जे व्हायचं ते त्यांच्या कानाचं झालं आहे, असं गल्लीत सगळे धरून चालायचे. कारण गेली दोनेक वर्षं तात्यांशी कुणी बोलायला लागलं की ते हात वर करून म्हणायचे, "मोठ्यानं बोला." त्यामुळे आमच्या गल्लीत नळाला पाणी किती आलं, कुणाच्या सुनेला कितवा महिना, हे सगळं तात्यांच्या ओसरीवर ओरडून सांगितलं जायचं.

त्यांच्या फिटरपणाची एक गोष्ट वडगाव निंबाळकरला अजून सांगतात. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मुलीचा मामा म्हणून तात्यांनी मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं होतं. भटजींनी सुरुवात केली आणि मामांचा पत्ता नाही. माईकवरून दोनदा पुकारा झाला. तिसरं मंगलाष्टक संपता संपता स्टेजच्या झालरीखालून आधी एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग टोपीला ग्रीस लागलेले तात्या. उजव्या हाताचा पुढचा खांब पाऊण सूत खचत होता, म्हणून त्याचा नट आवळायला ते खाली गेले होते. अंगावरची धूळ झटकत ते भटजींना म्हणाले, "व्हय, आता म्हना. शंभर मानूस चढलं तरी काय हुईत न्हाय." अल्बममधल्या त्या वेळच्या फोटोत नवरानवरी आहेत, आंतरपाट आहे आणि खाली झालरीतून बाहेर आलेली मामांची चप्पल आहे.

आता माझ्या सायकलीकडं येतो.

गेल्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि शाळेतल्या एका सहकाऱ्यानं त्याची जुनी गिअरची माउंटन सायकल मला दिली. जाड टायर, एकवीस गिअर, काळा-लाल रंग. तिच्यावर बसलं की आपण हिमालयात निघालोय असं वाटायचं. मी निघालेला असायचो कालव्याच्या रस्त्यानं शाळेत. दोन महिने छान गेले. मग मागचं चाक सरकायला लागलं.

सरकायला म्हणजे कसं, ते सांगतो. चढावर जोरात पेडल मारलं की मागचं चाक आपल्या खाचेतून तिरकं व्हायचं आणि टायर डाव्या बाजूच्या नळीला जाऊन घासायचा. सायकल जागच्या जागी अडायची, मी मात्र पुढं जायचो. या चाकाला पाना लागत नाही. बाजूला एक लिव्हर असते, ती दाबली की चाक घट्ट बसतं. मी ती दाबायचो, अंगठा लाल होईपर्यंत दाबायचो. बारामतीतल्या एका चकचकीत दुकानात तीनदा नेली. तीनही वेळा तिथल्या माणसानं लिव्हर अजून घट्ट करून दिली आणि सांगितलं, "सर, आता काही होणार नाही."

चौथ्या वेळी ते शाळेच्या फाटकासमोरच झालं. तिथं थोडा चढ आहे आणि प्रार्थनेची घंटा झाली होती, म्हणून मी उभं राहून पेडल मारलं. चाक सरकलं, सायकल थांबली, आणि मी नववी ब च्या रांगेसमोर पालथा पडलो. गुडघा फुटला. त्या दिवशी मला नेमका भूस्खलनाचा धडा शिकवायचा होता. वर्ग इतका शांत आणि इतका गंभीर मी कधी बघितला नव्हता.

संध्याकाळी सायकल हातात धरून लंगडत घरी येत होतो. तात्या ओसरीवर मिक्सरचं भांडं घेऊन बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं नाही, चाकाकडं बघितलं.

"आना हिकडं."

मी सायकल त्यांच्या ओसरीला टेकवली. त्यांनी खिडकीजवळ, 'रिपेर करून मिळंल' या बोर्डाखालच्या स्टुलाकडं बोट दाखवलं. रिपेअरला आलेल्या प्रत्येक माणसाला त्याच स्टुलावर बसावं लागतं. तात्या कुणाकडून मजुरी घेत नाहीत, पण हकीकत पूर्ण घेतात. ती घेतल्याशिवाय वस्तूला हात लावत नाहीत.

"सांगा. पैल्यापास्नं. मोठ्यानं."

मी ओरडून सांगायला लागलो. सायकल कुणाची होती, त्यानं का दिली, चाक पहिल्यांदा कुठं सरकलं, रस्ता कोणता, चढ किती. "जरा चढ आहे" म्हणालो आणि पस्तावलो. मग शाळेच्या फाटकाची गोष्ट आली. ती मी थोडक्यात उरकणार होतो, पण तात्या उठले, "पकड आनतो" म्हणून आत गेले आणि पकड न घेताच बाहेर आले.

"पडला तवा कोन कोन हसलं?"

"त्याचा चाकाशी काय संबंध?"

"सांगा की."

मी सांगितलं. हेडमास्तर हसले, शिपाई हसला, आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी हसू दाबता दाबता रडायला लागली. हे सगळं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. तात्या पुन्हा आत गेले. या वेळी बाहेर येऊन म्हणाले, "मलम लावलं का गुडघ्याला?"

पहिला दिवस असा गेला. चाकाला हात लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला. लिव्हरच्या बाजूला चाकाचा दांडा आणि फ्रेम यांच्यावरून मिळून एक बारीक पांढरी रेघ ओढली. मग मला म्हणाले, "मारा चक्कर. चढावर जोर लावा." स्वतः मात्र गल्लीच्या चढावर रस्त्यात पालथे पडले. मी जवळून जाताना त्यांना चाक डोळ्यांच्या पातळीत बघायचं होतं. पहिल्या दोन चकरा ठीक झाल्या. तिसऱ्या चकरेला समोरून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं रस्त्यात पडलेला म्हातारा बघून गाडी थांबवली आणि पाण्याची बाटली घेऊन धावला. मागून दोन बाया आल्या, त्यातली एक वारा घालायला लागली.

"आबा, काय हुतंय? छातीत दुखतंय का?"

"सरका," तात्या म्हणाले. "चाक दिसंना."

ड्रायव्हरला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. त्यानं त्यांना उचलून बसवलं आणि तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात माझं चाक सरकलं, घर्र असा आवाज झाला आणि मी टेम्पोच्या बंपरला धरून उभा राहिलो. तात्या मिशा पुसत उठले, चाकाजवळ आले, खडूची रेघ बघितली. दांड्यावरची रेघ आणि फ्रेमवरची रेघ एकमेकींना सोडून गेल्या होत्या.

"अर्धं सूत," ते ड्रायव्हरला म्हणाले. तो बिचारा पाण्याची बाटली तिथंच ठेवून निघून गेला.

तिसऱ्या दिवशीही काही झालं नाही. तात्या चाक काढायचे, बसवायचे, परत काढायचे. मी स्टुलावर बसून कंटाळलो होतो. अंगात थोडा ताप होता, गुडघा ठणकत होता. मी तोंडातल्या तोंडात, अगदी स्वतःशी पुटपुटलो, "किती दिवस लावणार आहेत कुणास ठाऊक."

"दोन," तात्या चाकावरून मान वर न करता म्हणाले.

मी चपापलो. माझ्यात आणि त्यांच्यात चांगलं सहा-सात फुटांचं अंतर होतं. खात्री करायला मी आणखी हळू म्हणालो, "तात्या, तुम्हाला ऐकू येतं?"

"येतंय की. कानाला काय झालंय माज्या?"

"मग मोठ्यानं बोला का म्हणता सगळ्यांना?"

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्या पाठीमागच्या खिडकीकडं दाखवला. खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता. आत कुणीतरी खोकलं.

आत शकूकाकी होत्या, तात्यांच्या पत्नी. त्यांना अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्या अंथरुणाला लागल्या, एवढं मला माहीत होतं. त्या आधी त्यांना मी ओसरीवर रोज बघायचो. भाजी निवडत बसलेल्या असायच्या आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून चार प्रश्न विचारायच्या. त्यांच्याशी न बोलता घरी पोचणं अवघड होतं. मग त्या दिसेनाशा झाल्या, आणि मी, खरं सांगायचं तर, त्यांना विसरलो.

तात्या आवाज खाली आणून म्हणाले, "तोंड वाकडं झालंय तिचं. कुनी बघितल्यालं आवडत न्हाय तिला. बाया भेटाय यायच्या, तर भिताडाकडं तोंड करून पडायची. मंग त्या बी यायच्या बंद झाल्या. पर ऐकायचा सोस तसाच हाय. दिसभर इचारायची, भायेर काय चाललंय, कोन गेलं, काय म्हनलं. मी काय सांगनार? मला कुटं बोलाय येतंय." त्यांनी चाक हातानं फिरवलं आणि त्याकडं बघत राहिले. "मंग बोर्ड लावला, रिपेर करून मिळंल. लोक यायला लागली."

मी त्या बोर्डाखाली तीन दिवस बसलो होतो. मला वाटलं होतं म्हाताऱ्याचा वेळ जात नाही.

"दवाखान्यात डाक्टर म्हनला, बोलाय उठाय जरा येळ लागंल. म्या इचारलं, जरा म्हंजे किती?" एवढं बोलून तात्या पुन्हा कामाला लागले.

पहिल्या दिवशी 'कोण कोण हसलं' हा प्रश्न कुठून आला होता ते मला आता कळलं. मी स्टूल खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं आणि विचारल्याशिवायच, मोठ्यानं, आमच्या हेडमास्तरांची नक्कल केली. आतून एक घोगरा, तुटक आवाज आला. मला शब्द कळला नाही, पण ते हसणं होतं.

चाकाचं निदान शेवटी शकूकाकींनीच केलं. चौथ्या दिवशी तात्या आतून आले आणि म्हणाले, "ती म्हनती, आदी दोन म्हैनं सरकत नव्हतं, तर मदी काय नवं घातलं?" मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं. सरकायला लागण्याच्या आठवडाभर आधी चाकातून कटकट आवाज यायचा, म्हणून एका मेकॅनिककडून मी त्यातला दांडा, म्हणजे एक्सल, बदलून घेतला होता. तात्या माझ्याकडं असे बघायला लागले, की नववी ब बरी वाटली.

"हे चार दिसांनी सांगताय, मास्तर?"

त्यांनी चाक बसवलं, लिव्हर काढून ठेवली आणि मला ओणवं करून दाखवलं. चाकाचा एक्सल दोन्ही बाजूंना फ्रेमच्या खाचेत बसतो. त्याचं टोक खाचेच्या आतच राहायला हवं. माझ्या नव्या एक्सलचं उजवं टोक फ्रेमच्या बाहेर डोकावत होतं. नखाला लागेल न लागेल, एवढंच.

"लिव्हर आवळली की तिनं फ्रेम दाबली पायजे," तात्या म्हणाले. "हितं ती एक्सलचं टोकच दाबतीया. तुमी जीव खाऊन आवळताय, फ्रेमला हात बी लागंना. आवळनं येगळं आन् बसनं येगळं."

मग त्यांनी एक्सल काढून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि कानशीनं घासायला बसले. पाच वेळा घासायचं, मोजायचं, परत पाच वेळा. व्हर्निअरवर माप बघताना ते श्वास धरायचे. फ्रेमच्या खाचेवरचा रंगही त्यांनी खरवडून काढला, रंगावर पकड बसत नाही म्हणून. संध्याकाळी चाक बसलं. लिव्हर फार दाबावी लागली नाही, पण दाबताना हाताला वेगळंच कळलं, काहीतरी खरोखर धरलं गेलंय असं. मी गल्लीच्या चढावर उभं राहून पेडल मारलं. दहा वेळा मारलं. खडूची रेघ जागची हलली नाही.

मी आभार मानायला ओसरीवर आलो तर तात्या घुटमळत होते. त्यांना असं घुटमळताना मी कधी बघितलं नव्हतं.

"गल्लीतली ट्रायल काय खरी न्हाय," ते म्हणाले. "लांबची पायजे. वरकुट्याला जाल का?"

वरकुटे इंदापूर तालुक्यात, शकूकाकींचं माहेर. तिथं त्यांचे थोरले भाऊ राहतात, त्यांना सगळे बापू म्हणतात. आईवडील लवकर गेल्यावर बापूंनीच बहिणीला वाढवलं आणि लग्न लावून दिलं. ते वर्षभरात आले नव्हते. फोन केला की भाचा 'बरं हाय' म्हणायचा आणि ठेवायचा. काकींचं त्यावर समाधान होत नव्हतं. तात्या त्यांना सोडून बारामतीच्या बाजाराच्या पलीकडं अडीच वर्षांत गेले नव्हते.

"नुसतं बघून या," तात्या म्हणाले. "कसा बसतोय, काय खातोय. तिला सांगाय."

रविवारी पहाटे निघालो. एवढं लांब सायकलीवर मी जन्मात गेलो नव्हतो. उसाच्या ट्रॉल्या, डाळिंबाच्या बागा, उन्हाचा कडाका, आणि भूगोलाच्या पुस्तकात कधी न दिसलेले चढ. चाक मात्र एकदाही सरकलं नाही. दहा-साडेदहाला वरकुट्यात पोचलो आणि विचारत विचारत घर शोधलं.

बापू पडवीत खुर्चीवर बसले होते. स्वच्छ सदरा, दाढी केलेली, केस विंचरलेले. त्यांच्या सुनेनं मला पाणी दिलं. मी बापूंना नमस्कार करून म्हणालो, "बारामतीहून आलोय. शकूताईंनी पाठवलंय."

बापूंनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं. "कोन शकू?"

"तुमची बहीण."

"मला बहीन न्हाय," ते म्हणाले. मग सायकलीकडं बघून विचारलं, "सायकल कुनाची?"

"माझी."

"झ्याक हाय." थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं, "सायकल कुनाची?" मी होतो तेवढ्या वेळात त्यांनी हे सहा वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी सायकल त्यांना झ्याक वाटली.

सून मला दाराशी सोडायला आली. "वर्स झालं," ती म्हणाली. "आमाला बी वळखत न्हाईत. आत्यांना कळवलं न्हाय आमी. त्यांचं त्यांनाच एवढं झालंय, त्यात हे कशाला." तिनं एका पिशवीत डाळिंबं घातली आणि ती हँडलला अडकवली.

परतीच्या वाटेवर मी काय सांगायचं ते ठरवत होतो आणि काहीच ठरत नव्हतं. तात्या गल्लीच्या तोंडाशी, उन्हात उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. मी खाली उतरलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. हळू आवाजात.

त्यांनी मधे एकदाच विचारलं. "नाव सांगून बी न्हाय?"

"नाही, तात्या."

त्यांनी डाळिंबाची पिशवी काढून घेतली. आम्ही घरापर्यंत चाललो. ते आत गेले आणि मी ओसरीच्या पायरीवर बसलो. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"मास्तर जाऊन आलं," तात्या म्हणाले. "बापूदादा झ्याक हाय. दाढी करून, सदरा घालून पडवीत बसला व्हता."

काकी काहीतरी म्हणाल्या.

"इचारलं की. आदी तुजंच इचारलं. शकू जेवती का, म्हनला. भाकरी चावती का न्हाय." ज्या माणसानं कधी अर्धं सूत इकडंतिकडं होऊ दिलं नाही, तो शब्द शोधत होता. "म्हनला, लहानपनी ताप आला तरी शेंगा खायाची. आता काय खाती. गुडघं धरल्यात त्याचं, न्हायतर आला असता. ही डाळिंबं दिली. त्यानं सोताच्या हातानं तोडली, म्हनं."

मग काकी बोलल्या. त्यांचं बोलणं तुटक होतं, पण तेवढ्या दिवसांत माझ्याही कानाला त्याची सवय झाली होती.

"रडला का?"

"थोडा."

"रडनारच," काकी म्हणाल्या. "लई हळवा हाय. माज्या लग्नात बी त्योच रडला. मी न्हाय."

तात्या बाहेर आले. हातात एक डाळिंब होतं, ते माझ्यापुढं केलं आणि शेजारी पायरीवर बसले. समोरच्या घराचं फाटक वाऱ्यानं कुरकुरत होतं. त्यांनी तिकडं मान वळवली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "पुडल्या ऐतवारी मोकळं हाय का?"

"परत वरकुट्याला?"

"न्हाय. तितं जायचं काय कारन न्हाय. हितंच या."

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. सकाळी आधी सायकल घेऊन कालव्याच्या रस्त्यानं चार फेऱ्या मारतो, म्हणजे घाम येतो आणि टायरला माती लागते. मग तात्यांच्या ओसरीवर खिडकीजवळ बसतो आणि बापूदादांचं काय चाललंय ते सांगतो. आता त्यांनी दोन शेळ्या घेतल्यात. मधे त्यांचं आणि सुनेचं चहातल्या साखरेवरून वाजलं होतं, ते मिटलं. तात्या हातातलं काम थांबवून ऐकतात.

परवा पडदा बाजूला झाला. शकूकाकींनी तो आतून, चांगल्या हातानं ओढला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"दादाला म्हनावं," त्या सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "थंडी पडलीया. कानाला बांधत जा."

मी म्हटलं, सांगतो.